सहा सेकंदांचा मालक कोण?

१९८३ साली न्यूयॉर्कमधल्या चौघांनी एक गमतीची तबकडी काढली. एका बाजूला आइस्क्रीमच्या दुकानात फोन लावून केलेली थट्टा, दुसऱ्या बाजूला ‘बीस्टी रेव्होल्यूशन’ नावाचं, रेगे या जमैकन संगीताची टर उडवणारं गाणं. पुढे ब्रिटिश एअरवेजच्या टीव्ही जाहिरातीत त्याच गाण्याचा तुकडा वाजला. परवानगी कुणी मागितली नव्हती. चौघांनी वकील गाठला आणि तडजोडीत ४०,००० डॉलर पदरात पाडून घेतले. हा चमू म्हणजे बीस्टी बॉइज. इतरांच्या गाण्यांचे तुकडे उचलून गाणी रचणारे म्हणून पुढे जगभर ज्यांचं नाव झालं, त्यांची कोर्टकचेरीशी पहिली गाठ पडली ती फिर्यादी म्हणून.

नंतरची चाळीस वर्षं ते दोन्ही पिंजऱ्यांत उभे राहिले. कधी त्यांनी दावे लावले, कधी त्यांच्यावर लागले. ध्वनिमुद्रित गाण्याचा तुकडा उचलून नव्या गाण्यात वापरणं म्हणजे सॅम्पलिंग, आणि ‘सॅम्पलिंग ही चोरी आहे का?’ या जुन्या वादासाठी त्यांच्या कारकिर्दीइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीच्या जागी बोट ठेवतो. किती सेकंद घेतले आणि मालकाला विचारलं का, यावर कायदा सगळा भर देतो. त्या तुकड्याचं पुढे काय केलं, आणि तो मुळात ज्यानं वाजवला त्याच्या हातात काय पडलं, हे खरं बघायला हवं. नवं गाणं रचायला घेतलेल्या लहान तुकड्याला ठरावीक दर असावा, परवानगीची अट नसावी. जाहिरातीत वापरायचं असेल तर मात्र कलाकाराचा नकार हा शेवटचा शब्द असावा.

सुरुवात पंक या रांगड्या रॉक संगीतापासून केली पाहिजे, कारण नंतरचं सगळं तिथूनच आलं. १९८१ मध्ये बँड उभा राहिला तेव्हा मायकल डायमंड गात होता, ॲडम याउक बास वाजवत होता, जॉन बेरी गिटारवर होता आणि ड्रमवर केट शेलेनबाख. १९८२ ची त्यांची पहिली तबकडी ‘पॉलिवॉग स्ट्यू’ आठ गाण्यांची. बहुतेक हार्डकोअर, म्हणजे अतिवेगवान पंक, आणि एकेक गाणं नीट सुरू होतंय तोवर संपणारं. बेरी गेल्यावर ॲडम होरोविट्झ आला. हार्डकोअरचा नियम साधा होता: वाद्य नीट येत नसलं तरी चालेल, हाताला लागेल ते घ्या, स्वस्तात ध्वनिमुद्रण करा, कुणाची वाट बघू नका. दोन टर्नटेबलवर दुसऱ्यांच्या तबकड्या फिरवून पार्टी चालवणाऱ्या, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या डीजेंचा नियमही फार वेगळा नव्हता. त्यामुळे ही पोरं एका दारातून दुसऱ्या दारात गेली तेव्हा त्यांना वाद्य बदलावं लागलं, वृत्ती नाही.

या बदलात एक माणूस मात्र गळला. रिक रुबिननं वसतिगृहाच्या खोलीतून ‘डेफ जॅम’ ही रेकॉर्ड कंपनी उभी केली, बीस्टी बॉइजना तीन रॅपरांचा साचा मिळाला, आणि त्या साच्यात केट शेलेनबाखला जागा उरली नाही. ड्रमयंत्र आल्यावर हाडामांसाची ड्रमवादक आधी बाहेर पडली. हे लक्षात ठेवायला हवं, कारण सॅम्पलिंगच्या हिशेबातही ड्रमवादकाचं नाव असंच सगळ्यांत आधी गळतं.

नोव्हेंबर १९८६ मध्ये ‘लायसन्स्ड टु इल’ आला आणि १९८७ च्या मार्चमध्ये बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचणारा तो पहिला रॅप अल्बम ठरला. त्याचं पहिलंच गाणं ‘राइमिन अँड स्टीलिन’, म्हणजे यमक जुळवणं आणि चोरी. कबुलीजबाब नावातच आहे. त्याखाली वाजतो तो लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जॉन बॉनमचा १९७१ सालचा ड्रम, इंग्लंडातल्या एका जुन्या घराच्या जिन्यात ध्वनिमुद्रित केलेला. त्याचं आवर्तन बनवायला याउकनं सॅम्पलर, म्हणजे तुकडे नोंदून हवे तसे वाजवणारं यंत्र, वापरला नव्हता. टेपचा तुकडा कापून दोन टोकं चिकटवली आणि ती माळ टेपरेकॉर्डरमधून खोलीभर फिरवत ठेवली. ‘बटण दाबलं की झालं’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं. टेप सैल पडली तर आवाज डुलतो, जास्त ताणली तर खेचला जातो, आणि जोड एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की प्रत्येक फेऱ्याला ठेच लागते.

सॅम्पलर यंत्रं आल्यावर काम सोपं झालं असं वाटतं. त्या काळात सर्वांत नावाजलेलं यंत्र होतं ई-म्यू कंपनीचं १९८७ चं एसपी-१२००. त्याची स्मृती जेमतेम दहा सेकंदांची, आणि एका ध्वनीला जास्तीत जास्त अडीच सेकंद. आता गणित करा. मिनिटाला ९६ ठोके धरले तर चार मात्रांचा एक बार बरोबर अडीच सेकंदांत बसतो. ठोके ९० असतील तर बारला २.६७ सेकंद लागतात, म्हणजे शेपूट बाहेर राहतं. यावर तोडगा असा निघाला की ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवून नोंदायची. वेग १.३५ पट वाढतो आणि २.६७ सेकंदांचा बार दोन सेकंदांत मावतो. मग यंत्रात तो सुमारे सव्वापाच अर्धस्वर खाली उतरवला की मूळ वेग परत मिळतो. पण १२ बिटांच्या त्या यंत्रात असा खाली ओढलेला आवाज खरबरीत होतो, वरची झळाळी जाते. नव्वदीच्या दशकातल्या रॅपचा जो ‘मातकट’ आवाज लोकांना आवडतो, त्यातला बराचसा या काटकसरीतून आला आहे.

खरी डोकेदुखी दोन तुकडे एकत्र आणताना होते. जुन्या यंत्रांत वेग आणि स्वर एकमेकांना बांधलेले. १०४ ठोक्यांचा तुकडा ९६ वर आणला की तो जवळजवळ १.४ अर्धस्वर खाली येतो, म्हणजे सुरांच्या मध्ये कुठेतरी लटकतो. त्याच्यावर दुसऱ्या तबकडीतला बास ठेवला की दोघं बेसूर. मग बास हलवा, त्याचा वेग बिघडतो, म्हणून तोही कापा. त्यात जुने ड्रमवादक माणसं होती, घड्याळं नव्हेत. चार बारांच्या तुकड्यात ४० मिलिसेकंदांची चूक राहिली तर आठ फेऱ्यांत ती ३२० वर जाते, आणि ९६ च्या लयीत ही अर्ध्या मात्रेहून जास्त. ध्वनीची लहर शून्यावर असताना कापली नाही तर प्रत्येक आवर्तनाला ‘टिक’ ऐकू येते. हे सगळं सांभाळून सात-आठ वेगळ्या तबकड्यांतलं एकच गाणं वाटावं असं जुळवणं ही रचना आहे. गोधडी शिवणारीनं कापड विणलेलं नसतं, म्हणून गोधडी तिची नाही असं आपण म्हणत नाही.

या कलेचा कळस म्हणजे २५ जुलै १९८९ चा ‘पॉल्स बुटीक’. डेफ जॅमशी पैशांवरून बिनसलं, बीस्टी बॉइज लॉस एंजेलिसला गेले, कॅपिटॉल कंपनीशी करार केला आणि डस्ट ब्रदर्स या जोडीबरोबर कामाला लागले. अल्बमभर शंभराहून अधिक तुकडे आहेत असं सर्वसाधारणपणे मोजलं जातं. एका गाण्यात बीटल्सचेच कितीतरी. बहुतेक तुकड्यांची परवानगी त्या वेळी रीतसर आणि परवडेल अशा किमतीत मिळाली होती, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ‘सगळं चोरीचं’ हा समज फार पसरला आहे. बाजारात अल्बम आपटला. बिलबोर्डवर चौदाव्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबला. दहा वर्षांनी दुहेरी प्लॅटिनम झाला, म्हणजे अमेरिकेत वीस लाख प्रतींवर गेला, आणि आज गंभीरपणे बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, बनवणारा माणूस तो टाळून पुढे जाऊ शकत नाही.

आज असा अल्बम का निघत नाही, याचं उत्तर १७ डिसेंबर १९९१ च्या निकालात आहे. बिझ मार्की या रॅपरनं गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना घेतला होता. न्यायाधीश केविन डफी यांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या ‘तू चोरी करू नकोस’ या आज्ञेनं केली आणि प्रकरण फौजदारी चौकशीसाठी सरकारी वकिलांकडे धाडलं. अल्बम दुकानांतून उचलावा लागला. त्या दिवसापासून रेकॉर्ड कंपन्यांच्या वकिलांनी कात्री हातात घेतली.

परवानगी म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. प्रत्येक तुकड्यामागे दोन हक्क असतात: एक रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्दांचा, जो बहुधा प्रकाशकाकडे असतो, दुसरा ध्वनिमुद्रणाचा, जो रेकॉर्ड कंपनीकडे असतो. दोघांनाही वेगवेगळं पटवावं लागतं. दोघं आगाऊ रक्कम मागतात, वर टक्केवारी, आणि एकानं जास्त मिळवलं तर दुसऱ्यालाही तेवढंच देण्याची अट घालतात. कुणी उत्तरच देत नाही. कुणी गाणं बाजारात येऊन गाजेपर्यंत गप्प बसतो, मग भाव चौपट करतो. समजा एका गाण्यात पाच तुकडे आहेत आणि पाचही प्रकाशकांनी रचनेच्या उत्पन्नातले २५ टक्के मागितले. बेरीज १२५ टक्के. गाणं जितकं चालेल तितका रचणारा खड्ड्यात. ‘पॉल्स बुटीक’ची पंधरा गाणी, शंभर तुकडे, सरासरी एका गाण्याला सात. या हिशेबात ते कसे बसणार?

डे ला सोल या रॅप चमूचं काय झालं बघा. त्यांचा १९८९ चा पहिला अल्बम याच कुळातला. टर्टल्स बँडच्या एका तुकड्यावरून खटला झाला, तो कोर्टाबाहेर मिटला. पुढे डिजिटल युग आलं तेव्हा जुन्या परवान्यांत ‘स्ट्रीमिंग’ हा शब्दच नव्हता, म्हणून ती सगळी गाणी वर्षानुवर्षं कायदेशीररीत्या कुठे ऐकायलाच मिळेनात. अखेर ३ मार्च २०२३ ला ती आली. चमूतला डेव्हिड जोलिकूर त्याच्या तीन आठवडे आधी वारला होता.

आता एक युक्तिवाद हमखास येतो: कायद्यानं भलंच केलं, बीस्टी बॉइज पुन्हा वाद्यं वाजवायला लागले ना! १९९२ च्या ‘चेक युअर हेड’वर याउकचा बास आहे, डायमंडचे ड्रम आहेत, होरोविट्झची गिटार आहे, मनी मार्कची कीबोर्ड आहे. खरं आहे. पण त्यांना वाजवता येत होतं ते पंकमुळे, आणि वाजवत बसायला लॉस एंजेलिसच्या ॲटवॉटर व्हिलेजमध्ये त्यांचा स्वतःचा जी-सन स्टुडिओ होता. ब्राँक्सच्या किंवा धारावीच्या पोराकडे महिनोन्‌महिने वाद्यं मांडून ठेवायला जागा कुठे असते? सॅम्पलर हेच त्याचं स्वस्त वाद्य होतं. ते महाग झालं, तेव्हा कुणाची कला सुधारली आणि कुणाची बंद पडली, हे ज्याचं त्यानं ठरवावं. शिवाय ‘चेक युअर हेड’मध्येही सॅम्पल होतेच. त्यातल्या एकानं या सगळ्या व्यवस्थेचं पितळ उघडं पाडलं.

‘पास द माइक’ या गाण्यात जेम्स न्यूटन या बासरीवादकाच्या ‘क्वायर’ रचनेतले पहिले सहा सेकंद आहेत. मूळ रचना साडेचार मिनिटांची, १९७८ मध्ये लिहिलेली, ईसीएम या कंपनीनं ध्वनिमुद्रित केलेली. न्यूटन बासरीवर एक स्वर धरून ठेवतो आणि त्याच वेळी बासरीतच गातो. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज लावून ठेवायचा आणि वर गळ्यानं सा, कोमल रे, सा. फुंकर आणि गळा एकमेकांवर घासतात आणि दोन्हींत नसलेले स्वर मधूनच उमटतात. बीस्टी बॉइजनी ईसीएमला एकदाच १,००० डॉलर देऊन ध्वनिमुद्रणाचा परवाना घेतला. रचनेचा हक्क न्यूटनकडे होता. तो घेतला नाही. गाण्यात तो तुकडा चाळीसहून अधिक वेळा फिरतो.

न्यूटननं २००० साली दावा लावला. २००३ मध्ये अपील न्यायालयानं बीस्टी बॉइजच्या बाजूनं कौल दिला. तर्क असा: ध्वनिमुद्रणाचा परवाना आहे, तेव्हा वाद फक्त कागदावरच्या रचनेचा. कागदावर काय आहे? एक धरलेला स्वर आणि त्यावर तीन स्वर. साडेचार मिनिटांच्या रचनेतला हा अगदी नगण्य भाग. कायदा क्षुल्लक गोष्टींत लक्ष घालत नाही, या जुन्या लॅटिन तत्त्वाखाली दावा निकालात निघाला. न्यूटनची वाजवण्याची तऱ्हा अजोड आहे हे सगळ्यांना मान्य होतं, पण तऱ्हा ध्वनिमुद्रणात होती आणि ध्वनिमुद्रण ईसीएमच्या मालकीचं होतं.

म्हणजे जे न्यूटनचं होतं ते क्षुल्लक ठरलं, आणि जे क्षुल्लक नव्हतं ते न्यूटनचं नव्हतं.

निकाल कायद्याला धरून होता आणि बीस्टी बॉइजनी एक परवाना रीतसर घेतला होता. तरी मला तो न्याय वाटत नाही. तुकडा घ्यायला त्यांना मोकळीक हवीच होती. पण ज्याच्या श्वासावर ते गाणं उभं आहे त्याला वाटा मिळायला हवा होता. ‘मोकळीक’ आणि ‘मोबदला’ या दोन गोष्टी कायद्यानं एकाच दोरीनं बांधल्या आहेत. एक सोडली की दुसरीही सुटते.

नंतर २००४-०५ मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयानं बरोबर उलट टोक गाठलं. फंकाडेलिक बँडच्या गिटारचे दोन सेकंद, खाली उतरवून लांबवलेले, एन.डब्ल्यू.ए. या रॅप चमूच्या गाण्यात होते. न्यायालय म्हणालं, ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत क्षुल्लक असं काही नसतं. परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येतो त्या न्यायालयानं मॅडोनाच्या गाण्यातल्या पाव सेकंदाहून कमी वेळाच्या तुताऱ्यांबद्दल हा नियम नाकारला. परिणाम असा की तोच तुकडा आधीच्या न्यायालयाच्या कक्षेतल्या नॅशव्हिलमध्ये गुन्हा आहे आणि लॉस एंजेलिसमध्ये नाही.

फंकाडेलिकचा खटला लावणारा त्या बँडचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटन नव्हता, ब्रिजपोर्ट नावाची कंपनी होती. तिनं २००१ मध्ये सुमारे ८०० प्रतिवादींवर जवळपास ५०० दावे एकदम ठोकले होते. खुद्द क्लिंटन आपल्याच गाण्यांच्या हक्कांसाठी याच कंपनीशी वर्षानुवर्षं भांडत राहिला. बीस्टी बॉइजवर ३ मे २०१२ रोजी, याउकच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी, ट्रबल फंक बँडच्या तुकड्यांवरून दावा लागला, तोही बँडनं नव्हे तर टफअमेरिका नावाच्या कंपनीनं. २०१५ मध्ये निकाल लागला की या कंपनीकडे दावा लावण्याइतका हक्कच नाही, आणि पुढे प्रतिवादींच्या वकिलांचे ८,४५,००० डॉलर तिच्याच माथी आले.

‘सॅम्पल करणारे काळ्या कलाकारांना लुटतात’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. बीस्टी बॉइज तिघेही गोरे, आणि त्यांनी घेतलेले तुकडे मोठ्या संख्येनं काळ्या संगीतकारांचे. पण आजचा कडक कायदा त्या संगीतकारांना काय देतो? ग्रेगरी कोलमननं १९६९ मध्ये विन्स्टन्स बँडच्या एका गाण्यात सुमारे सात सेकंद ड्रम वाजवले. जगात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या तुकड्यांत तो मोडतो. कोलमनला त्याचा छदाम मिळाला नाही. २००६ मध्ये तो गेला तेव्हा डोक्यावर छप्पर नव्हतं. जेम्स ब्राउनच्या बँडमधला क्लाइड स्टबलफील्ड याचीही तीच गत: ठेका त्याचा, श्रेय आणि हक्क दुसऱ्याचे. ड्रमचा ठेका कायद्याच्या लेखी ‘रचना’ धरला जात नाही, आणि वादक रोजंदारीवर असतो. परवानगीची किंमत कितीही वाढवली तरी ती रक्कम या माणसांच्या दारापर्यंत जातच नाही.

जाहिरातींकडे वळू. याउकनं आपल्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की आपलं संगीत, नाव, चेहरा जाहिरातीसाठी वापरायचा नाही. मॉन्स्टर एनर्जी या पेयाच्या कंपनीनं बीस्टी बॉइजची गाणी असलेला एक मिक्स आपल्या व्हिडिओत लावला. मिक्स करणाऱ्या डीजेनं व्हिडिओ बघून ईमेलमध्ये ‘डोप!’ (झकास!) असं उत्तर दिलं, हीच परवानगी असं कंपनीचं म्हणणं. २०१४ मध्ये ज्युरीनं १७ लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली. २०२४ मध्ये चिलीज या उपाहारगृहांच्या साखळीच्या मालकांवर ‘सॅबोटाज’ समाजमाध्यमावरच्या जाहिरातीत वापरल्याबद्दल बीस्टी बॉइजनी दावा लावला.

हा दुटप्पीपणा नाही का? शंभर जणांचे तुकडे घेणारा स्वतःच्या गाण्याला हात लावू देत नाही! वरवर पाहता तसं दिसतं. पण बॉनमचा ड्रम घेऊन बनवलेलं गाणं बॉनमला काही विकायला लावत नाही. पेयाच्या व्हिडिओत मात्र मेलेल्या माणसाचा आवाज बाटलीची शिफारस करतो. फरक घेतलेल्या सेकंदांचा नाही, तोंडी घातलेल्या शब्दांचा आहे. एका ठिकाणी मात्र मला त्यांची बाजू लंगडी वाटते. गोल्डीब्लॉक्स या खेळण्यांच्या कंपनीनं २०१३ मध्ये त्यांच्या १९८६ च्या ‘गर्ल्स’ गाण्याचं विडंबन केलं. मूळ गाण्यात मुलींनी भांडी घासावी, कपडे धुवावे. विडंबनात मुली यंत्रं बनवतात. हा त्या गाण्यावरचाच टोला होता, आणि १९९४ च्या टू लाइव्ह क्रू या रॅप चमूच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा विडंबनाला वाट मोकळी ठेवली होती. खेळणी विकण्यासाठी होतं म्हणून बीस्टी बॉइज अडून बसले. २०१४ मध्ये कंपनीनं माफी मागून, विज्ञानशिक्षणासाठी देणगी देऊन प्रकरण मिटवलं. विडंबन आणि जाहिरात एकत्र आली की माझा नियमही डळमळतो, हे कबूल.

आपल्याकडे हा विषय परका नाही. २००२ मध्ये अमेरिकेत गाजलेल्या ट्रुथ हर्ट्‌स या गायिकेच्या ‘ॲडिक्टिव्ह’मध्ये लता मंगेशकरांचं ‘थोडा रेशम लगता है’ जवळजवळ अखंड वाजतं. संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव नव्हतं. नाव छापल्याशिवाय अल्बम विकायचा नाही, असं लॉस एंजेलिसच्या न्यायालयानं बजावलं. मला या निकालात पैशापेक्षा नावाची अट महत्त्वाची वाटते.

मराठी बीट बनवणाऱ्यांनी आपला कायदा एकदा नीट समजून घ्यावा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. उदाहरण घ्या: ‘बुगडी माझी सांडली ग’ १९५९ चं. ध्वनिमुद्रणाचा हक्क २०१९ अखेर संपला. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्द २०३७ अखेरपर्यंत राखलेले, आणि चालीचा हिशेब संगीतकाराच्या निधनाच्या वर्षावरून वेगळा. म्हणजे त्या काळच्या तबकडीवरच्या नुसत्या ढोलकीचे चार सेकंद घेणं आणि गायलेली ओळ घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुकडा जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरूनच घ्या. कंपनीनं नव्यानं उजळलेली फाइल घेतली की नवा वाद अंगावर येतो. आणि हक्क संपलेला असूनही यूट्यूबची आपोआप ओळखणारी यंत्रणा गाणं अडवू शकते, तेव्हा तबकडीचा क्रमांक आणि लेबलाचा फोटो जपून ठेवा.

गंमत अशी की अख्खं गाणं नव्यानं गायचं असेल तर विचारावं लागत नाही. अमेरिकेनं १९०९ मध्येच, आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळ्यांवर एका कंपनीची मक्तेदारी होऊ नये म्हणून, ठरावीक दर भरा आणि वाजवा अशी सोय केली. भारतात कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ३१सी मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षांनी कव्हर करू देतं. फक्त दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरायचं. पूर्ण गाणं दर भरून मिळतं, पण दोन सेकंदांसाठी मालकाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

म्हणून मागणी अशी. आठ सेकंदांपर्यंतच्या तुकड्याला विचारणा नको. गाण्याच्या उत्पन्नातले २ टक्के प्रत्येक तुकड्याला, आणि कितीही तुकडे असले तरी एकूण ४० टक्क्यांच्या वर नाही. त्या २ टक्क्यांचे तीन वाटे: ध्वनिमुद्रणाच्या मालकाला एक, रचनाकाराला एक आणि ज्यानं प्रत्यक्ष वाजवलं किंवा गायलं त्याला एक, आणि हा शेवटचा वाटा करारानं विकता येणार नाही. नावं छापणं बंधनकारक. जाहिरात आणि निवडणूक प्रचार यातून पूर्ण बाहेर. तिथे लेखी होकार लागेल. ओळखणार कोण, हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी अवघड होता. आज गाणं अडवायला जी यंत्रणा वापरतात तीच पैसे वाटायलाही चालेल.

असं घडू शकतं याचा पुरावा बीस्टी बॉइजनीच दिला आहे. १९९४ च्या ‘इल कम्युनिकेशन’वर तिबेटी भिक्खूंच्या पठणाचे तुकडे आहेत. त्यांचं मानधन भिक्खूंपर्यंत पोहोचावं म्हणून याउकनं मिलारेपा फंड उभा केला, आणि त्याच फंडातून १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये तिबेटसाठी मोठा जलसा झाला. सुमारे एक लाख लोक आले. कुठल्याही कोर्टानं त्यांना हे सांगितलं नव्हतं.

माझ्या हिशेबात न्यूटनला तीनपैकी दोन वाटे मिळाले असते, रचनाकाराचा आणि वादकाचा. पण ‘क्वायर’ सुचली कुठून, हे त्यानंच सांगून ठेवलं आहे: संगीताची त्याची सगळ्यांत जुनी आठवण म्हणजे अर्कान्सासच्या खेड्यातल्या चर्चमध्ये गाणाऱ्या चार बायका. त्यांचा वाटा कुठल्या रकान्यात लिहायचा, ते मात्र माझ्या या हिशेबातही बसत नाही.